कुडा, काजरा आणि कोल्लाट घराण्याचे वैद्य

२० एप्रिल १६७५ रोजी कोचीनच्या किल्ल्यात एका मलयाळी वैद्यांनी स्वतःच्या हाताने एक दाखला लिहून दिला. आपण कारप्पुरम भागातील कडक्करप्पळ्ळी गावच्या कोल्लाट घराण्यात जन्मलेले परंपरागत वैद्य आहोत, डचांचा मलबारचा अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याच्या सांगण्यावरून कोचीनला आलो, या ग्रंथातील झाडे, वेली आणि औषधी यांची माहिती आपण घरच्या पोथीवरून व प्रत्यक्ष उपचारांच्या अनुभवावरून सांगितली, डच ईस्ट इंडिया कंपनीचा दुभाषा मानुएल कार्नेरो याने ती उतरवून घेतली, आणि तिच्याविषयी कोणास शंका राहू नये म्हणून हे लिहून देत आहोत, असा त्या दाखल्याचा आशय आहे. तो मलयाळम भाषेत आणि त्या काळी केरळात चालणाऱ्या कोलेळुत्तु लिपीत आहे. लिहून देणाऱ्यांचे नाव इट्टी अच्युतन. ज्या ग्रंथासाठी हा दाखला दिला गेला तो हॉर्टस मलबारिकस, म्हणजे ‘मलबारचे उद्यान’, अ‍ॅमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापला गेला. त्यात ७४२ वनस्पतींची वर्णने आणि जवळपास आठशे ताम्रपट-चित्रे आहेत.

आशियातील वनस्पतींवर युरोपात छापलेल्या ग्रंथांत याच्याइतका मोठा आणि नेमका ग्रंथ त्यापूर्वी झाला नव्हता. तो व्हान रेडेच्या नावावर आहे, आणि त्याची योजना, पैसा व चिकाटी पाहता ते गैरही नाही. मात्र त्यातील प्रत्येक झाड ‘हे अमुक आहे’ असे सांगणारे कोणीतरी लागतेच, आणि ते काम करणाऱ्यांमध्ये इट्टी अच्युतन यांचे नाव पहिल्या खंडातच छापलेले आहे. त्यांनी सांगितलेल्या उपचारांचे पुढे काय झाले हा एक प्रश्न आहे. त्यांनी ओळखलेल्या झाडांचे काय झाले हा दुसरा. विज्ञानाच्या दृष्टीने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके आहे, आणि या लेखाचा रोख त्यावरच आहे.

एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वेंबनाड कायल (समुद्रालगतचे सरोवर) यांच्यामध्ये जी वाळूची अरुंद पट्टी आहे तिला कारप्पुरम म्हणत. आज हा भाग आलप्पुळा जिल्ह्यात, चेर्तलाच्या आसपास येतो. इट्टी अच्युतन ईळव समाजाचे होते. माडाची मशागत आणि माडी काढणे हा या समाजाचा मुख्य व्यवसाय समजला जाई, आणि तत्कालीन जातिव्यवस्थेत त्याला अस्पृश्यतेची वागणूक मिळे. तरीही याच समाजात पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकी करणारी, संस्कृत जाणणारी आणि ताडपत्रांवर आपापले अनुभव नोंदवून ठेवणारी घराणी होती. केरळच्या वैद्यपरंपरेचा मुख्य आधार वाग्भटाचे अष्टांगहृदय. पण ग्रंथातील श्लोक आणि परसातील झाड यांचा मेळ घालण्याचे काम प्रत्येक घराण्याला स्वतःच करावे लागे.

त्या काळच्या वैद्याचा दिवस कसा जात असेल याची कल्पना करताना आपण नाडीपरीक्षा आणि काढे यांवर फार भर देतो. काष्ठौषधींच्या दुकानातून तयार साल आणि मुळ्या विकत आणणारा वैद्य हा बराच अलीकडचा. खेड्यातील वैद्य स्वतःच औषधी गोळा करी किंवा आपल्या देखरेखीखाली करवून घेई, आणि तिथेच त्याच्या विद्येची खरी परीक्षा होई. फुलावर नसलेले झाड नुसत्या पानांवरून आणि चिकावरून ओळखायचे, खोडाची साल घ्यायची की मुळाची हे ठरवायचे, कोणत्या ऋतूत ती काढायची हे लक्षात ठेवायचे, आणि दिसायला सारख्या दोन झाडांपैकी कोणते औषधाचे व कोणते विषाचे हे चुकू द्यायचे नाही, कारण चूक झाल्यास तिचा परिणाम आपल्याच गावातल्या माणसावर दिसणार असतो. दाखल्यात इट्टी अच्युतन पोथी आणि अनुभव या दोहोंचा उल्लेख शेजारी शेजारी करतात तो या अर्थाने घ्यायला हवा.

डचांना या विद्येची गरज का पडली, हे थोडक्यात सांगता येईल. १६६३ मध्ये त्यांनी कोचीन पोर्तुगीजांकडून जिंकले, आणि १६७० पासून सुमारे सात वर्षे व्हान रेडे मलबारचा मुख्य अधिकारी होता. कंपनीच्या शिपायांसाठी आणि खलाशांसाठी औषधे हॉलंडहून येत; ती महाग असत, प्रवासात जुनी होत, आणि त्यांतील कित्येकांचा कच्चा माल मुळात भारतातूनच मध्यपूर्वेमार्गे युरोपात गेलेला असे. इथलीच औषधे इथेच ओळखून वापरली तर खर्च वाचेल, हा सरळ हिशेब होता. त्याच्या जोडीला राजकारणही होते. सिलोनचा कारभार पाहिलेला रायक्लोफ व्हान खुन्स याला कोलंबो हे कंपनीचे प्रमुख ठाणे करायचे होते, तर व्हान रेडेला मलबारची श्रीमंती दाखवून द्यायची होती. एका वसाहतीच्या अधिकाऱ्याच्या चढाओढीतून वनस्पतिशास्त्राचा असा ग्रंथ निर्माण व्हावा ही इतिहासाची गंमत आहे. शुद्ध ज्ञानलालसेतून इतका पैसा कंपनीने नक्कीच दिला नसता.

सुरुवात मात्र अडखळतच झाली. मातेओ दि सान जुझेप्पे हे इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू वनस्पतींचे जाणकार होते आणि पहिली रेखाटने त्यांची होती. पण ती घाईची आणि अपुरी असल्याने पुढे बाजूला ठेवावी लागली. मग व्हान रेडेने कामाची नवी मांडणी केली. झाडांवर चढणारी आणि रान पाहिलेली माणसे डोंगरांत धाडली जात आणि फांद्या, फुले, फळे, मुळे घेऊन येत. एकाच झाडाची फुले एका हंगामात आणि फळे दुसऱ्या हंगामात मिळत असल्याने तीच वनस्पती पुन्हा पुन्हा आणावी लागे. चित्रकार ती ताजी असतानाच रेखाटत. त्यानंतर वैद्य आणि पंडित यांची बैठक बसे. नाव, जात, गुण, उपयोग यांवर चर्चा होई, आणि जे ठरेल ते लिहून घेतले जाई. या मंडळींनी वनस्पतींची माहिती श्लोकांत बांधून तोंडपाठ ठेवली आहे आणि मतभेद झाले तरी ती शांतपणे वाद घालतात, याचे व्हान रेडेला मोठे कौतुक वाटले होते. तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत त्याने ते नमूद केले आहे.

या बैठकीत गोव्याशी नाते असलेले तिघे जण होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मसत्तेला कंटाळून गोव्यातून बाहेर पडलेली कोंकणी भाषक कुटुंबे कोचीनला स्थायिक झाली होती, आणि हे तिघे त्या समाजातील पौरोहित्य व वैद्यकी जाणणारे ब्राह्मण होते. त्यांनीही आपला वेगळा दाखला दिला. तो कोंकणीत आणि नागरी लिपीत आहे, आणि आपण दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ हे काम केले असे त्यात म्हटले आहे. त्यांच्या हाताशी निघंटु, म्हणजे औषधींच्या नावांचा व गुणांचा कोश होता. हा दाखला ताम्रपटावर कोरून पहिल्या खंडात छापला गेला, आणि चित्रांवरही मलयाळम व अरबी अक्षरांसोबत नागरीत नावे आली. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले होते आणि नागरीत मराठी पुस्तके छापण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले, हे लक्षात घेतले तर १६७८ च्या या कोरीव ओळींचे महत्त्व कळते.

इट्टी अच्युतन यांनी मलयाळममध्ये सांगायचे, कार्नेरोने ते पोर्तुगीजमध्ये उतरवायचे, आणि तिथून ते लॅटिनमध्ये जायचे, असा माहितीचा प्रवास होता. लॅटिन लेखनाचा बराच भार योहानेस कासेआरिउस या तरुण डच धर्मोपदेशकाने उचलला. हा पूर्वी तत्त्वज्ञ स्पिनोझाचा शिष्य होता. पुढे हस्तलिखिते हॉलंडला गेली आणि तिथल्या प्राध्यापकांनी आपल्या टिपा जोडल्या. एवढ्या हातांतून गेलेल्या मजकुरात गोंधळ होणे अपरिहार्य होते, आणि उपचारांविषयीच्या ओळींत तो होण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण ‘वात’ किंवा ‘पित्त’ यांना लॅटिनमध्ये बसवताना युरोपच्या जुन्या वैद्यकातील संकल्पना आपोआप घुसतात. झाडाच्या वर्णनाला मात्र चित्राचा आधार होता. दुभाषा चुकला तरी कोरलेले पान चुकत नव्हते.

ग्रंथाची मांडणी पाहिल्यावर वैद्यांच्या ज्ञानाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पहिल्या खंडात पाला, कुरुटुपाला आणि कोडगपाला ही तीन झाडे एकापाठोपाठ येतात. आपल्याकडची नावे घ्यायची तर ती अनुक्रमे सातवीण, नागलकुडा आणि पांढरा कुडा होत. तिन्हींना पांढरा चीक आहे, तिन्हींची पाने फांदीवर जोडीने किंवा झुबक्याने येतात, आणि तिन्हींना जोडफळे येतात. आधुनिक वर्गीकरणात ही तिन्ही एकाच कुलात, करवीर कुलात आहेत. अकराव्या खंडात ‘कुवा’ या सामाईक नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती एकत्र आल्या आहेत: हळद, कचोरा, भुईचाफा, पेव अशा कंदांच्या वनस्पती, आणि त्यांच्या सोबतीला आले व वेलची; आज यांतील बहुतेक आले कुलात आणि पेव त्याला लागून असलेल्या कुलात आहे. बाराव्या खंडात झाडांवर वाढणारी ऑर्किडे ‘मरवरा’ या नावाखाली एका गटात आहेत; त्यांतले पहिले चित्र आपल्या सह्याद्रीत ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑर्किडचे आहे.

या गटांमागे उत्क्रांतीची कल्पना नव्हती, हे वेगळे सांगायला नको, आणि प्राचीनांना सगळे ठाऊक होते असा निष्कर्षही त्यातून काढू नये. रोज झाडे हाताळणारा माणूस चीक, कंद, फळाची घडण अशा टिकाऊ लक्षणांकडे लक्ष देतो. पानाच्या आकारासारखी फसवी लक्षणे त्याला पुरत नाहीत. नातेसंबंधाने जवळ असलेल्या वनस्पतींमध्ये नेमकी हीच टिकाऊ लक्षणे सारखी असल्याने लोकांचे गट आणि शास्त्राचे गट पुष्कळदा जुळतात. त्या काळी युरोपातील वर्गीकरण अजून चाचपडत होते, म्हणून हे जुळणे लक्षणीय ठरते.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस १७३५ ते १७३८ या काळात हॉलंडमध्ये होता आणि त्या मुक्कामात त्याने हॉर्टस मलबारिकस बारकाईने पाहिले. १७३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेनेरा प्लांटारम या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने ज्या मोजक्या लेखकांच्या वर्णनांवर आपला भरवसा आहे असे म्हटले, त्यांत डिलेनियस आणि प्लुमिए यांच्यासोबत रेडेचे नाव आहे, आणि तिघांत रेडे सर्वांत अचूक असेही त्याने लिहिले. १७५३ च्या स्पेसीज प्लांटारममध्ये, जिथून वनस्पतींची आजची द्विनाम पद्धती मोजली जाते, मलबारच्या चित्रांचे दाखले ठायी ठायी आहेत. वनस्पतिशास्त्रात प्रत्येक जातीच्या नावाला एक ‘प्रारूप’ बांधलेले असते, म्हणजे ते नाव नेमके कशाला लागू आहे हे ठरवणारा पुरावा. बहुधा तो वाळवून जपलेला नमुना असतो. नारळाच्या बाबतीत मात्र १९७९ मध्ये हॉर्टस मलबारिकसच्या पहिल्याच वनस्पतीची, ‘तेंगा’ची, चित्रे प्रारूप म्हणून निश्चित करण्यात आली. जगातल्या कोणत्याही बेटावरचा माड ‘कोकोस न्यूसिफेरा’ आहे की नाही, याचा अंतिम निवाडा नियमाप्रमाणे कोचीनला काढलेल्या त्या चित्रांपाशी होतो. भेरलीमाडाचेही तसेच आहे.

मलबारची नावेही शास्त्रात शिरली. वेलचीचे एलेटारिया, शेवग्याचे मोरिंगा आणि बकुळीच्या नावातले एलेंगी ही तिथली देणगी. ‘मनिलकारा’ हे नावही मलबारचेच; ते आज मेक्सिकोहून आलेल्या चिकूला लागते, त्यामुळे घोलवडच्या वाडीतले फळ जातीने अमेरिकेचे आणि नावाने केरळचे आहे.

आता कुड्याकडे वळू, कारण ओळख आणि उपचार यांचे नाते या एका झाडात जितके उलगडते तितके क्वचितच दुसरीकडे उलगडेल. उन्हाळ्यात, एप्रिल-मेपासून, सह्याद्रीच्या उतारांवर पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरलेला पांढरा कुडा ओळखायला अवघड नाही. कोकणात त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी करतात. आयुर्वेदात हा कुटज, अतिसार आणि प्रवाहिका म्हणजे आव यांवरचे प्रमुख औषध. साल कडू, बियाही कडू, म्हणून त्यांना कडू इंद्रजव म्हणतात. याच डोंगरांत काळा कुडाही वाढतो. त्याचीही फुले पांढरी, त्यालाही चीक, त्यालाही लांब जोडशेंगा आणि त्यांत केसाळ बिया. पण या बिया कडू नसतात, म्हणून ते गोडे इंद्रजव. फूल हातात घेतले की फरक लगेच दिसतो: काळ्या कुड्याच्या फुलात पुंकेसरांचा सुळका मधोमध बाहेर डोकावतो आणि त्याभोवती झालर असते, पांढऱ्या कुड्याच्या फुलाची नळी मोकळी दिसते, कारण त्याचे पुंकेसर नळीच्या तळाशी लपलेले असतात. शेंगाही पाहाव्या: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या राहतात.

इट्टी अच्युतन यांनी दाखवलेला कोडगपाला हा पांढरा कुडा. लिनियसने १७५३ मध्ये ‘नेरियम अँटिडिसेंटेरिकम’, म्हणजे आवेवरची कण्हेर, असे नाव दिले आणि त्याखाली मलबारच्या या चित्राचा दाखला दिला. परंतु त्याच नावाखाली त्याने सिलोनची एक वेगळी वनस्पती घेतली होती, जी काळ्या कुड्याची सख्खी नातलग आहे. स्वीडनमधील उप्सालात बसून वाळलेल्या पानांवरून दोन्ही एकच वाटणे शक्य होते. पुढे १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने फुलांची तपासणी करून दोन स्वतंत्र प्रजाती वेगळ्या काढल्या: पांढऱ्या कुड्याची होलॅऱ्हिना आणि काळ्या कुड्याची राइटिया. तोवर नुकसान होऊन गेले होते. अठराव्या शतकात ही साल ‘कोनेसी साल’ किंवा ‘तेल्लिचेरी साल’ या नावांनी युरोपच्या औषधालयांत पोचली होती. तिचा गुण येतो असे काहींनी लिहिले, येत नाही असे इतरांनी लिहिले, आणि हळूहळू ती मागे पडली. मागाहून ध्यानात आले की बाजारातल्या मालात काळ्या कुड्याची निरुपयोगी साल सर्रास मिसळलेली असे. रसायनशास्त्रज्ञही या गोंधळातून सुटले नाहीत: पांढऱ्या कुड्यातून १८५८ मध्ये वेगळ्या केलेल्या अल्कलॉइडला (वनस्पतीतील शरीरावर परिणाम करणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्याला) नंतर ‘राइटीन’ असेही नाव पडले, म्हणजे द्रव्य एका झाडाचे आणि नाव दुसऱ्या झाडाचे. आज त्याला कोनेसीन म्हणतात.

आवेला कारण होणाऱ्या अमीबावर कोनेसीनचा परिणाम होतो हे पुढे दिसून आले आणि काही काळ ते औषध म्हणून वापरलेही गेले. पण मज्जासंस्थेवरील त्याच्या दुष्परिणामांमुळे आणि नंतर मेट्रोनिडॅझोलसारखी प्रभावी औषधे आल्यामुळे ते मागे पडले. म्हणजे वैद्यांचा उपचार निराधार नव्हता, आणि आज अमीबाच्या आवेवर तोच सर्वोत्तम आहे असेही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आयुर्वेदावरील बहुतेक वाद त्यांतली एकच गोष्ट धरून चालतात असे माझे मत आहे. शिवाय कोणतीही चाचणी करण्याआधी बरणीतली साल कोणत्या झाडाची आहे हे ठरावे लागते. ते न ठरवता काढलेला ‘गुण येतो’ किंवा ‘येत नाही’ हा निष्कर्ष कोणत्याच झाडाविषयी काही सांगत नाही.

ओळख चुकल्यास काय होते याचे अधिक भीषण उदाहरण काजऱ्याचे. पहिल्या खंडात ‘कानिरम’ या नावाने त्याचे चित्र आहे. बाजारात त्याचे बी कुचला म्हणून मिळते आणि त्यातील स्ट्रिकनीन हे विष सर्वांना ऐकून माहीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण अमेरिकेतून येणारी अंगोस्तुरा साल युरोपात तापावर दिली जाई. तिच्यात कुठली तरी परकी साल मिसळून आली आणि ती घेतलेले रुग्ण आचके येऊन दगावले. ही ‘खोटी अंगोस्तुरा’ अबिसिनियातील ब्रुसिया नावाच्या झुडपाची असावी असा तर्क झाला, आणि १८१९ मध्ये पेलतिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून वेगळ्या केलेल्या अल्कलॉइडला त्यावरून ब्रुसीन असे नाव दिले. प्रत्यक्षात ती साल काजऱ्याची होती. कलकत्त्याला ओ’शॉनेसी या डॉक्टरने हे दाखवून दिले, आणि तिथल्या बाजारातही काजऱ्याची साल रोहण या औषधी झाडाची म्हणून विकली जात असल्याचे नोंदवले. ब्रुसीनचे नाव चुकीचे असूनही कायम राहिले आहे. काजऱ्याचे चित्र तोपर्यंत जवळपास दीडशे वर्षे युरोपच्या ग्रंथालयांत होते. चित्रात फांदी, फूल, फळ, बी सगळे होते, पण बाजारात येते ती नुसती साल, आणि सालीवरून झाड ओळखणारा माणूस मलबारात राहिला होता. वैद्याच्या विद्येतला हा भाग कागदावर उतरत नाही, मग चित्रकार कितीही कुशल असो.

सहाव्या खंडात ‘चोवन्न अमेलपोडी’ या नावाने एक लहान झुडूप आहे. हीच सर्पगंधा. भारतीय वैद्यकात ती विषबाधा, निद्रानाश आणि उन्माद अशा विकारांवर वापरली जात असे. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून अजमलीन आणि इतर अल्कलॉइडे वेगळी केली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याने रक्तदाब उतरतो हे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले, आणि त्यानंतर जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत रेसर्पीन हे मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळाले. इथे वैद्यांच्या उपयोगाला प्रयोगशाळेची आणि रुग्णालयाची साक्ष मिळाली; पण ‘रक्तदाब’ ही गोष्ट मोजणारे साधन जुन्या वैद्यांकडे नव्हते, त्यामुळे वकील यांचे काम म्हणजे जुन्या पोथीतील वाक्याची नुसती पडताळणी नव्हे. मुळीची निवड परंपरेने केली, प्रश्न नवा विचारला गेला. हॉर्टस मलबारिकसमधील बाकीच्या शेकडो उपयोगांपैकी इतकी कसोशीची तपासणी थोड्यांच्याच वाट्याला आली आहे, आणि तपासल्याशिवाय ते मान्य करणे जितके चूक तितकेच तपासल्याशिवाय फेटाळणेही चूक.

श्रेयाचा प्रश्न उरतोच. पर्यावरणाचे इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी असे मत मांडले की या ग्रंथाचा खरा गाभा ईळव वैद्यांचे ज्ञान हाच आहे, आणि वर्गीकरणाची चौकटही त्यांच्याकडूनच आली. ब्राह्मण पंडितांच्या संस्कृत निघंटूंपुढे गावच्या वैद्यांचे ज्ञान नेहमी दुय्यम ठरवले जाते, त्याला हा योग्य छेद होता. तरीही मला हे मत अर्धेच पटते. नावे, वर्णने आणि उपयोग यांत कोल्लाट घराण्याची छाप स्पष्ट आहे. पण ग्रंथ उभा राहिला तो रानात चढणारे मजूर, वैद्य, भट, दुभाषे, चित्रकार आणि लॅटिन लिहिणारे यांच्या बैठकीतून, आणि त्यांतील एकच धागा ओढून काढला तर उरलेले कापड समजत नाही. लिनियसने जेव्हा १७५३ मध्ये या चित्रांवरून नावे दिली तेव्हा दाखला ‘रेडे’ एवढाच राहिला. पुढे डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमे याने आग्याच्या कुलातील एका लहानशा प्रजातीला ‘अच्युडेमिया’ असे नाव देऊन वैद्यांची आठवण शास्त्रीय नामावलीत ठेवली.

ग्रंथ लॅटिनमध्ये असल्याने तो ज्या प्रदेशाविषयी आहे तिथल्याच लोकांना तीनशे वर्षे वाचता येत नव्हता. कालिकत विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे या एका कामाला दिली. त्यांना लॅटिन शिकावे लागले, पण तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. प्रत्येक चित्रातील वनस्पती आजच्या शास्त्रीय नावाने कोणती हे ठरवण्यासाठी ते मलबारच्या त्याच भागांत फिरले, त्या वनस्पती त्यांनी प्रत्यक्ष गोळा केल्या आणि जुन्या वर्णनांशी ताडून पाहिल्या. केरळ विद्यापीठाने त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये आणि मलयाळम भाषांतर २००८ मध्ये प्रसिद्ध केले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या शोधात त्यांना अनेकदा पुस्तकांपेक्षा गावातील नावांचा अधिक उपयोग झाला, कारण सतराव्या शतकातील डच कानांनी ऐकून रोमन अक्षरांत वेडीवाकडी लिहिलेली नावे मलयाळी उच्चारात वाचली की ती आजही तिथे त्याच झाडांना चालू असल्याचे आढळे. इट्टी अच्युतन यांची ताडपत्रावरील घरची पोथी आज उपलब्ध नाही, त्यामुळे त्यांच्या घराण्याच्या औषधयोजनांपैकी लॅटिनमध्ये उतरलेला भागच आपल्या हाती आहे. झाडे मात्र जवळजवळ सगळी पुन्हा सापडली.